उघाडीवरची शाळा

आमच्या हेडसरांना मुलं 'तोकाय' म्हणत. तोंडावर नव्हे, पण सरांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं, की सर ती शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग विचारत, "बरं. आणि तो काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार, सर? त्यानं माझी दौत सांडली."

"हे तू म्हणतोस. तो काय म्हणतो ते तू मला येऊन सांग. ते ऐकून तो 'हो, हेच माझं म्हणणं' असं बोलला, की मग मी निवाडा करीन."

पोरगं जाई, दौत सांडणाऱ्याला गाठे, मैदानाच्या कडेला दोघं डोकं खात बसत, आणि बहुतेक वेळा निवाड्यासाठी परत कुणी येतच नसे.

मी साताऱ्याकडून पनवेलला त्या हायस्कुलात मराठी शिकवायला आले, तेव्हा दुसरं महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती. पनवेलला अजून रेल्वे नव्हती. बंदरात मचवे लागत, रस्त्यावर गाड्यांची चाकं घडवणाऱ्या सुतारांचे ठोके दिवसभर ऐकू येत आणि भाताच्या गिरण्यांचा कोंडा अंगाला चिकटे. पहिल्याच दिवशी मी हजेरीच्या वेळी एका वर्गाबाहेर उभी राहिले आणि ऐकतच राहिले. आत मास्तर नावं घेत होते आणि मुलं 'हजर' म्हणायच्या ऐवजी 'जवळा-भाकरी', 'आमटी-भात', 'नुसतीच पेज' असं काहीतरी सांगत होती. नंतर कळलं, की शेजारी बसणाऱ्याच्या घरी काल रात्री काय जेवण होतं ते प्रत्येकानं सांगायचं, अशी हेडसरांची पद्धत होती.

एक भिक्षुक गृहस्थ यावरून भांडायला आले होते. "आमचा मुलगा रोज सकाळी सोवळ्यात बसून जवळ्याचं नाव घेतो. पाठ करतो म्हणे!"

सर म्हणाले, "त्याच्या शेजारचा मुलगा रोज जवळाच खातो, त्याला तुमचा मुलगा काय करणार? खोटं बोलत नाही, याचा तुम्हाला आनंद वाटला पाहिजे."

सर उंच, किडकिडीत आणि पुढे वाकलेले होते. सायकलीला ब्रेक नव्हता. उतारावर ते पाय खाली सोडत, त्यामुळे त्यांच्या चपलांचे तळ कायम झिजलेले. कुणाकडे जेवायला गेले, तर जेवण झाल्यावर सरळ आपलं ताट उचलून मोरीकडे जात आणि घासायला बसत. यजमानीण ओशाळून जाई. घरातली म्हातारी म्हणे, "अहो, पाहुण्यानं ताट घासायचं म्हणजे आम्हाला पाप!" सर घासत घासत म्हणत, "मी यासाठी विलायतेला गेलो होतो, आजी. शिकून आलो, ते वाया कसं घालवू?"

हे अगदीच खोटं नव्हतं. तरुणपणी ते डेन्मार्कमधल्या एका खेड्यात निवासी शाळेत शिकायला गेले होते. देशोदेशीची तरुण मुलं तिथे एकत्र राहत, स्वयंपाक करत, गायींचं शेण काढत आणि संध्याकाळी वाद घालत. पास-नापास काही नव्हतं. इतक्या लांब जाऊन सरांनी पदवीसुद्धा आणली नाही, म्हणून त्यांच्या घरच्यांनी कपाळाला हात लावला होता.

"भांडी विसळायला माझ्याबरोबर एक पोलंडचा मुलगा असे, आणि पुसायला एक जर्मन. मला जर्मन त्यानंच शिकवलं," सर मला एकदा म्हणाले. "तो अख्खा हिवाळा एकही ताट फुटलं नाही. पुढे त्या दोघांच्या देशांचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे."

मी तेव्हा नवी होते आणि मला बोलायची खुमखुमी होती. म्हटलं, "मग तुमच्या त्या शाळेचा उपयोग काय झाला, सर? युद्ध थोडंच थांबलं?"

ते म्हणाले, "नाही थांबलं. आम्ही फार थोडे होतो, बाई."

आमच्या शाळेत खाडीकाठच्या दोन गावांची मुलं येत. अलीकडचं गाव आगऱ्यांचं. त्यांची भातशेती आणि मिठागरं. पलीकडे कोळीवाडा. मधे मातीचा लांब बांध होता. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तो घातलेला. त्या बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. भरतीला ती बंद ठेवायची आणि ओहोटीला उचलायची, म्हणजे शेतात तुंबलेलं पाणी खाडीत निघून जाई. त्या वाहत्या पाण्याबरोबर मासळी येई, म्हणून कोळी उघाडीच्या तोंडाशी जाळी लावत. आणि बांधावरूनच कोळीवाड्यातली मुलं चालत शाळेला येत.

मी यायच्या आदल्या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला तो बांध फुटला होता. सगळी शेतं खारट झाली. आगरी म्हणाले, मासळीच्या लोभानं कोळ्यांनी उघाडी उघडी ठेवली. कोळी म्हणाले, खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि आगऱ्यांनी त्यावर दोन वर्षं माती टाकली नव्हती. फुटक्या बांधावरच मारामारी झाली. आगऱ्यांचे पुढारी दामा पाटील, त्यांच्या एकुलत्या मुलाच्या, जोम्याच्या हातात फावडं होतं. ते एका कोळ्याच्या डोक्यात बसलं आणि मुंबईला नेता नेता तो माणूस वाटेतच गेला. जोम्याला शिक्षा झाली. मेलेल्या माणसाची बायको जानी, पंचविशीची असेल, डोक्यावर टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात मासळी विकू लागली.

बांध तसाच फुटका राहिला. शेतं पांढरी पडली. कोळ्यांच्या मुलांना शाळेची वाट उरली नाही. काही होडीनं फेरा मारून येत, तीही हळूहळू बंद झाली. आमच्या हजेरीतून जवळा-भाकरी कमी होत गेली.

सर दोन्ही गावांत जाऊन आले. त्यांच्याजवळ एकच हत्यार होतं, तो प्रश्न. दामा पाटलांनी त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "सर, तुमी शालेत मास्तर. शालेतच रावा. आमच्या गावान नको."

कोळीवाड्यात जानी जाळं विणत बसली होती. सरांनी विचारलेलं तिनं ऐकून घेतलं. मान वर न करता म्हणाली, "माझा घरवाला काय म्हणतो, ते पयलं सांगा मना. मग दुसऱ्याचा विचारा."

सर परत आले तेव्हा सायकल हातात धरून चालत आले. त्यानंतर बरेच दिवस शाळेत कुणी तक्रार घेऊन आलं, की ते नुसते "बरं" म्हणत आणि मुलांना चुकल्यासारखं होई.

मग एके दिवशी त्यांनी आम्हा शिक्षकांना बोलावून सांगितलं, की डिसेंबरात काही परदेशी तरुण मंडळी येणार आहेत, शाळेच्या दोन वर्गांत राहणार आहेत आणि बांध बांधून देणार आहेत. सरांचा डेन्मार्कच्या शाळेतला एक सोबती युद्धानंतर अशी शिबिरं भरवत असे. शत्रू असलेल्या देशांतली मुलं एकत्र करायची आणि त्यांच्याकडून युद्धात पडलेली गावं उभारून घ्यायची. सर स्वतः एका उन्हाळ्यात तिकडे जाऊन विटा साफ करून आले होते.

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांना पहिली शंका आली ती धर्मांतराची. सरांनी त्यांची समजूत घातली. "त्यातले दोघं देव मानत नाहीत. एक फक्त सायकल मानतो."

एकूण सहाजण आले. त्यातल्या दोघांची गोष्ट सांगायची आहे. आनेके हॉलंडची होती. आखूड केस, पुरुषी विजार, आणि हसली की डोळे मिटत. आगरी बायकांनी पहिल्याच दिवशी तिची अनशी करून टाकली. कार्ल जर्मन. अबोल आणि कामाला वाघ. कोवळ्या वयात युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत त्याला सैनिक करून उभं केलं होतं. दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलत, तेही कामापुरतं.

दोन बांबूंना फळी बांधलेली, तिच्यावर चिखल भरायचा आणि दोघांनी पुढून-मागून धरून बांधापर्यंत न्यायचा, असं ते काम. सरांनी जोड्या लावल्या. आनेकेला कार्लबरोबर दिलं.

मी म्हटलं, "सर, मुद्दाम?"

"मुद्दाम," ते म्हणाले.

आगरी पुरुष लांब उभे राहून बघत. "बांधतात तर बांधू दे. आमी हात नाय लावणार," असं दामा पाटलांनी जाहीर केलं होतं. पण ते रोज यायचे. कोळी होड्या थांबवून खाडीतून पाहत. जानी मात्र बांधावर येई, कारण शिबिराची मासळी सर तिच्याकडून घेत आणि भाजी आगऱ्यांकडून. मी पदर खोचून चिखल कालवायला जाऊ लागले. साताऱ्याला कळलं असतं, तर आईनं अंथरूण धरलं असतं.

त्या दुपारी ऊन कडक होतं. सगळे दमले होते. कार्ल पुढे, आनेके मागे, फळी चिखलानं भरलेली. चालता चालता कार्ल काहीतरी गुणगुणायला लागला. पावलांच्या ठेक्यावर, स्वतःशीच. आनेके थांबली. तिनं फळी सोडून दिली. चिखल कार्लच्या पायांवर सांडला, आणि तो वळेपर्यंत तिनं त्याचं फावडं उचलून खाडीत भिरकावलं. मग ती ओरडू लागली. इंग्रजीत नव्हे. त्याच्याच भाषेत, जर्मनमध्ये.

सगळं काम थांबलं. दामा पाटील जवळ आले. "सर, काय झाला? काय बोलते ती?"

आम्हा सगळ्यांना वाटलं, सर काहीतरी सारवासारव करतील. थकवा आहे, ऊन आहे, असं. सर त्या दोघांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं मराठीत बोलू लागले. 'ती म्हणते' असं नाही. जसं ती बोलत होती तसंच.

"हेच गाणं! माझ्या खिडकीखालून तुझे शिपाई हेच गाणं म्हणत गेले. त्याच रस्त्यानं त्यांनी माझ्या बापाला नेलं. तो परत आला नाही. आम्हाला पुरायलासुद्धा काही मिळालं नाही. आणि तू इथे, चिखल वाहताना, ते गातोस?"

बांधावर इतकी माणसं, पण खेकडे बिळात शिरताना वाजावं तेवढीच चाहूल. मग कार्ल बोलला आणि सरांनी त्याचंही तसंच सांगितलं, तितक्याच मोठ्या आवाजात.

"मला कळलंच नाही मी काय गातोय. मी दहा वर्षांचा होतो. शाळेत आम्हाला हीच गाणी शिकवली. मास्तर ठेका धरायचे. मला दुसरी गाणी येत नाहीत."

जानीनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. तिचं लक्ष कार्लकडे नव्हतंच.

"सर," ती म्हणाली, "तिला विचारा. येवढा हाय, तर मग ती त्याच्याबरोबर वझा का उचलते?"

बांधावर दामा पाटील चार हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

सरांनी विचारलं. आनेकेनं जानीकडे पाहिलं. ही बाई कोण, हे तिला बहुधा ठाऊक होतं. शिबिरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती हळू, तुटक बोलली आणि सर तिच्यामागून बोलत गेले.

"मी त्याला माफ केलेलं नाही. माफ करायला मी आलेले नाही. पण माझ्या गावात नदीचे बांध आहेत. ते फुटले, की पाणी कुणाचं घर कुठलं ते बघत नाही. आणि ही फळी मला एकटीला उचलत नाही."

जानीनं टोपली उचलली आणि ती निघून गेली.

मग दामा पाटील एकदम आपल्या बायकांवर खेकसले. "बगता काय? येत नाय त्याला, तर शिकवा त्याला दुसरा गाना!"

आगऱ्यांच्या लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी एक म्हातारी होती. ती पुढे झाली, तिनं कार्लच्या मनगटाला धरून त्याला बांधावर बसवलं आणि हळदीचं गाणं म्हणायला सुरुवात केली. तो शब्दामागून शब्द म्हणू लागला. इतके वेडेवाकडे उच्चार, की बायकांना हसू आवरेना. तो रडत होता आणि म्हणत होता. आनेके खाडीकडे तोंड करून उभी होती. सर कुठे गेले म्हणून मी पाहिलं, तर ते गुडघाभर पाण्यात उतरून फावडं शोधत होते.

दुसऱ्या दिवशी जानी आली ती मासळी न घेता. तिच्याबरोबर तिचा दीर आणि कोळीवाड्यातले पाचसहा जण होते. ते आमच्याकडे आले नाहीत. बांधाच्या पलीकडच्या टोकाला त्यांनी काम सुरू केलं. दामा पाटलांनी ते पाहिलं, धोतर वर खोचलं आणि अलीकडच्या टोकाला चिखलात उतरले. त्यांच्यामागून गाव उतरलं. दोन्हीकडून बांध वाढत आला. कुणी कुणाशी बोललं नाही. मधे उघाडीची जागा राहिली.

उघाडीचं दार सरांनी पनवेलच्या एका सुताराकडे करायला टाकलं होतं. ते आणलं तेव्हा सगळ्यांनी डोकं धरलं. जाड फळ्यांचं, एका माणसाला तसूभर न हलणारं.

"सर, हा काय केला? याला दोन गडी लागतील," दामा पाटील म्हणाले.

"हो," सर म्हणाले. "एक तुमच्या गावचा आणि एक त्यांच्या."

"आणि एक नाय आला तर?"

"तर ते उचलणार नाही. पाणी तुंबेल. तुमचं भात कुजेल आणि त्यांना मासळी मिळणार नाही."

"याड लागलंय मास्तराला," कोळ्यांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी दोन्ही गावांचं निदान एका गोष्टीवर एकमत झालं.

पाहुणे गेले. निरोपाच्या वेळी आनेकेनं कार्लशी हात मिळवला नाही. बसमध्ये मात्र तिनं आपल्या शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो बसला. यापेक्षा जास्त मी काही पाहिलं नाही आणि सरांनीही कधी काही रंगवून सांगितलं नाही.

संस्थेनं मात्र सरांकडून खुलासा मागितला. कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय परकीयांना ठेवलं, वर्ग बुडवले, स्त्री-पुरुष एका छपराखाली राहिले. सरांनी उत्तर लिहिलं. सवयीप्रमाणे त्यांनी आधी संस्थेचं म्हणणं मांडलं, आणि ते इतकं चोख, इतकं मुद्देसूद मांडलं, की कमिटीनं तेवढाच भाग वाचून तोच ठराव म्हणून मंजूर केला. सरांचं हेडमास्तरपद गेलं. ते पाचवीला भूगोल शिकवू लागले. मी चिडून त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "त्यांचा मुद्दा बरोबरच होता, बाई. वर्ग बुडाले खरे." आणि मला चहा देऊन माझी कपबशी विसळून टाकली.

पावसानं शेतं धुतली, दोन-तीन वर्षांत भात पुन्हा उभं राहिलं. कोळीवाड्यातली मुलं बांधावरून शाळेला येऊ लागली. दोन गावांत सोयरीक-बियरीक झाली असं कुणी समजू नये. बाजारात अजूनही आगरी बायका जानीच्या पुढून जरा चटकन जात. पण रोज ओहोटीला एक इकडून आणि एक तिकडून येई, दार उचललं जाई, आणि दोघं आपापल्या वाटेनं जात.

आणि मग जोम्या तुरुंगातून सुटून आला.

दामा पाटील तोवर थकले होते. उघाडीवर त्यांच्या घराची पाळी आली, की जायला घरात दुसरं कुणी नव्हतं. हे कळलं तेव्हा सर माझ्याकडे आले. मला म्हणाले, "बाई, चालता का?" एवढंच.

आम्ही बांधाला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाणी उतरू लागलं होतं. जोम्या उघाडीपाशी उभा होता. वाळलेला, केस पांढरे झालेले, हात कुठे ठेवावे हे न कळलेला. कोळीवाड्याचे पुरुष त्या दिवशी लांब समुद्रावर गेले होते. तिकडून कुणी येताना दिसेना. शेतात पाणी तुंबलेलं होतं, भात पोटरीत, कणसं धरायच्या बेतात आलेलं. जोम्यानं एकदा एकट्यानंच दाराला हात घालून पाहिला. दार हललं नाही.

सर मला धरून खाली बसले. त्यांचे गुडघे अलीकडे दुखत असत, पण त्या दिवशी ते त्यासाठी बसले असं मला वाटलं नाही.

मग पलीकडून जानी आली. चालताना तिनं वेग कमी केला नाही की वाढवला नाही. कासोटा घट्ट केला आणि दाराच्या तिच्या बाजूला उभी राहिली. जोम्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला पाहवलं नसावं. ती त्याच्याकडे पाहत होती, अगदी सरळ, आणि किती वेळ पाहत होती ते मला सांगता येणार नाही. सरांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते काहीतरी म्हणणार, उठून मधे जाणार. ते उठले नाहीत.

"धर," जानी म्हणाली.

दोघांनी दार उचलून खुंटीवर टेकवलं. पाणी धो धो करत खाडीत जाऊ लागलं. ते पुरतं निघून जाईपर्यंत दोघं दोन बाजूंना उभे होते. मग त्यांनी दार खाली सोडलं. जोम्या तसाच वाकलेला राहिला. त्याच्या खांद्यांवरून तो रडतोय हे कळत होतं. जानीनं खाडीच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि चार पावलं जाऊन मागे वळली.

"उद्या पानी उशिरा उतरंल," ती म्हणाली. "उशिरानं ये."

ती निघून गेली. सर माझ्या खांद्याचा आधार घेत उठले, धोतराची माती झटकली.

"चला, बाई," ते म्हणाले. "आपलं इथे काही काम नाही."